बूट चावतो तेव्हा नेमकं काय होतं

टाचेला फोड आला की आपण बुटात काय टोचतंय ते चाचपत बसतो. बहुतेक वेळा टोचत काहीच नसतं. पाऊल टाकताना आतलं हाड पुढे-मागे सरकतं आणि घामाने ओली झालेली कातडी मोज्याला धरून राहते. या ओढाताणीत कातडीच्या वरच्या थराच्या आतच फट पडते, तिच्यात पाणी भरतं. म्हणून सैल बूटही घट्ट बुटाइतकाच त्रास देतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो. लांब चालायचं असेल तर लोकरी किंवा सिंथेटिक मोजे घाला.

टाच उचलली जात असेल तर लेस बदलून बांधा. बुटाच्या सगळ्यात वरच्या, एरवी मोकळ्या राहणाऱ्या भोकातून लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, हुळहुळते. थांबायची वेळ हीच. पाय पुसून कोरडा करा आणि कागदी मेडिकल टेप सुरकुती न पडू देता लावा. टेपचे कोपरे गोल कापले तर ती लवकर सुटत नाही. पुढच्या मुक्कामापर्यंत कळ काढू, असं कृपा करून म्हणू नका.

फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका, नुसता झाका. मोठा, ठणकणारा असेल तर हात आणि फोड साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसा. ज्योतीवर धरलेल्या सुईला काजळी लागते, त्यापेक्षा स्पिरिट बरं. फोडाच्या कडेला दोन-तीन ठिकाणी टोचा, पाणी हळूच दाबून काढा. वरची कातडी मात्र सोलू नका! खालची नवी त्वचा तिच्याच आडोशाने तयार होते. वर पेट्रोलियम जेली, न चिकटणारं ड्रेसिंग. ते ओलं किंवा मळकं झालं की बदला, एरवी रोज एकदा.

रक्त भरलेला फोड टोचू नका. मधुमेह असेल किंवा पायात रक्तपुरवठा कमी असेल तर कुठलाच फोड घरी फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पू, पसरत जाणारी लाली, वाढती ठणक किंवा ताप दिसला तर इतरांनीही त्याच दिवशी दाखवावं.