सातवा दुधी टिकला!

टिकला! गॅलरीतल्या अठरा इंची ग्रो-बॅगेतला (माती भरून रोप लावायच्या पिशवीतला) दुधी आज मनगटाएवढा झालाय आणि देठ हिरवागार आहे. मागची सहा फळं गळाली तेव्हा ज्यांनी धीर दिला, त्यांना ही बातमी आधी.

ते सहाही एकाच रीतीने गेले. मादी फूल येऊन गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागचं इवलं फळ टोकाकडून पिवळं पडायचं आणि गळायचं. मी आधी पाण्याला दोष दिला, मग खताला. ताक, केळीच्या सालीचं पाणी, बोरॉनची फवारणी, सगळं झालं. फळमाशीचा सापळाही टांगला, पण गळालेल्या फळांवर डंखाची एक खूण नव्हती. हाताने परागीभवन तर रोज करत होतेच, सकाळी साडेसातला, काकडीला करते तसंच.

घोळ तिथंच होता. हरिपूरहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना गळालेलं फळ दाखवलं. त्या म्हणाल्या, "दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतंय, बाई. सकाळी जाऊन काय घावणार?"

खरंच की! काकडी, कारलं, भोपळा सकाळचे. दुधी आणि दोडका संध्याकाळचे. दुधीच्या पांढऱ्या फुलावर रात्री पतंग येतात. सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत ते फिरकताना दिसत नाहीत, आणि मी पोचेपर्यंत फूल मलूल झालेलं असायचं.

त्याच संध्याकाळी एक मादी फूल उमललं आणि नर एकही नाही! थ्री-जी कटिंगच्या (मादी फुलं वाढावीत म्हणून शेंडे खुडायच्या) उत्साहात मी मुख्य वेलाचा शेंडाच खुडला होता, नर फुलं जास्त त्याच्यावरच येतात. धावत खाली गेले. तळमजल्यावरच्या काकूंच्या परसातल्या वेलाची दोन नर फुलं मागून आणली, पाकळ्या काढून पराग मादीच्या मुखावर हलकेच फिरवला. फळ धरलं. चौथ्या दिवशी त्याची लव चमकत होती. मी त्याला दिवसातून पाच वेळा बघून येत होते.

बॅगेबद्दल थोडं. तळाशी घातलेली रसवंतीवरची चिपाडं कुजून माती चार इंच खाली बसली, शिवाय कुजताना नत्र खातात. पुढच्या वेळी आधी कुजवूनच घालणार. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्शाची) वीट दोनदा धुतल्याशिवाय वापरू नका, क्षार असतात. आणि पातळ बॅगांच्या नादी लागू नका, माझी एक शिवणीतून उसवली. जाड एचडीपीई प्लास्टिकचीच घ्या.

रविवारी रंगाच्या बादलीत दोडका लावायचा बेत होता. पण लिहितालिहिता वाटतंय, त्या बादलीत दुसरा दुधीच लावावा आणि त्याचं थ्री-जी करूच नये. मुख्य वेल तसाच वाढू दिला की नर फुलं घरचीच मिळतील, काकूंच्या दारात जायला नको. दोडका जूनमध्ये, पाऊस लागला की.

सव्वासहा झाले. आज तीन कळ्या फुगल्यात, त्यातल्या दोन मादी. ब्रश घेऊन निघाले.