संत्र्याचा चहा आणि नासलेलं दूध

दूध नासलं असं मी म्हणते, सासूबाई फाटलं म्हणतात. माझं माहेर साताऱ्याचं, सासर नागपूरचं, त्यामुळे शब्दांवरून आमचं जुळत नाही. पण मागच्या डिसेंबरात सलग दोन सकाळी पातेल्यात जे झालं, ते दोघींनी एकाच नजरेने बघितलं आणि दोन्ही वेळा चहा मोरीत गेला.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला येणारी संत्री घरात पेटीने आलेली. डोक्यात आलं, चहाला संत्र्याचा वास लावायचा. पहिल्या दिवशी उकळत्या चहात थोडा रस पिळला. रस आंबट, दुधाच्या क्षणात गुठळ्या. दुसऱ्या दिवशी रस टाळला, नुसती साल टाकली, पण घाईत आलं किसून थंड दुधातच घातलं आणि मग गॅस लावला. परत तेच! यात सालीचा दोष नव्हता. कच्च्या आल्यात दूध फोडणारं एक एन्झाइम असतं, आणि ते उकळीने मरतं. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, दूध नंतर. आई जन्मभर असंच करत आली. मी कधी कारण विचारलं नव्हतं.

वास सालीच्या केशरी भागातल्या तेलात असतो, आंबटपणा रसात. आतलं पांढरं कडू लागतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, हाताने अख्खी निघते, मग पांढरं चमच्याने खरवडता येतं. पहिली सालं गच्चीवर उन्हात टाकली. वाळली, पण वासही उडाला. दुसरी खेप पातळ कापडाखाली सावलीत ठेवली आणि अर्धवट वाळलेली बरणीत भरली. आठवड्याने झाकण उघडलं तर बुरशी. तिसऱ्या खेपेला मोडल्यावर कडकन आवाज येईपर्यंत थांबले. पाच-सहा दिवस लागले.

मसाल्याचं सामान नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलं. सुंठ २५ ग्रॅम, वेलची २० ग्रॅम, दालचिनी आणि मिरी पाच-पाच ग्रॅम, आठ-दहा लवंगा, अर्धं जायफळ. लवंग याहून जास्त घातली की चहा दाताच्या औषधासारखा लागतो, हे अनुभवाने सांगते. सुंठ सरळ मिक्सरमध्ये टाकू नका, तिचे दोर पात्याला गुंडाळतात. आधी खलबत्त्यात फोडून, मग दळून चाळायची. मिक्सर थांबत-थांबत फिरवायचा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि जायफळाच्या तेलाने मसाला झाकणाला चिकटून बसतो. वेलचीची टरफलं मी चहा पावडरीच्या डब्यात टाकते.

दोन कपांना पाव चमचा मसाला, पाण्यासोबतच. साल मात्र चहा खाली उतरवल्यावर, नखाएवढे दोन तुकडे, वर झाकण, दोन मिनिटं. उकळली की कडू.

हे सगळं जमल्यावर सासूबाईंना कप दिला. एक घोट घेतला, काही बोलल्या नाहीत, उठून मागच्या अंगणात गेल्या आणि कात्रीने गवती चहाच्या चार पाती कापून आणल्या. हाताने ओढली तर बोट कापतं. पातीची गाठ मारून पाण्यात टाकली, वर आलं, साखर, पत्ती, शेवटी दूध. लिंबासारखा वास घरभर. लिंबाच्या सालीत असतं तेच सिट्रल नावाचं वासाचं द्रव्य या पातीतही असतं, पण आंबटपणा नाही, म्हणून दूध तक्रार करत नाही. मी महिनाभर जे शोधत होते ते नळाजवळ वाढत होतं!

तरी मी हट्टाने बरणीभर सालीची पूड केली. ती भराभर संपायला लागली तेव्हा वाटलं, चला, घरच्यांना चव लागली. मग एका रविवारी लेक तोंडाला साय आणि पूड फासून टीव्हीसमोर बसलेली दिसली. आजीने सांगितलं होतं म्हणे.