निवड समितीतला दिवस
आज दिवसभर निवड समितीत होते. ब्रिटनमधल्या आमच्या विद्यापीठाला प्र-कुलगुरू हवाय. एजन्सीने आणलेल्या यादीत झाडून सगळे गोरे, आणि जाहिरातीत 'वैविध्याचं स्वागत' ठळक अक्षरांत! यादी परत पाठवू या म्हटलं, तर एकजण म्हणाले, "गुणवत्ता बघू या ना." जणू मी दुसरंच काही मागत होते! इथला २०१० चा समानता कायदा कोटा देत नाही. उमेदवार तोडीस तोड असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातला निवडता येतो, एवढंच. पण तोडीस तोड ठरायला आधी यादीत नाव तरी हवं. २०१५ मध्ये लंडन विद्यापीठातल्या सोॲस या संस्थेच्या प्रमुख झालेल्या कृष्णवर्णीय व्हॅलरी एमॉस यांचं उदाहरण चहाच्या वेळी सगळ्यांनी दिलं. दुसरं नाव पटकन कुणालाच सुचेना. असो, यादी परत गेलीय. एजन्सी नाराज आहे.