‘पूर्वी’ आणि ‘सध्या’

लोक जैवविविधता नोंदवही म्हणजे गावातल्या सजीवांची गावानेच ठेवलेली नोंद. तिच्या तक्त्यांत प्रत्येक झाडापुढे, पिकापुढे आणि माशापुढे दोन छोटे रकाने असतात. एकात ती जात गावात पूर्वी किती होती हे लिहायचे आणि दुसऱ्यात सध्या किती उरली आहे हे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीबरोबर गेले वर्षभर ही नोंदवही नव्याने लिहिताना माझे सर्वाधिक दिवस या दोन रकान्यांवर गेले. निसर्गाच्या ऱ्हासाविषयी ग्रामपंचायतीला खरोखर काही करायचे असेल, तर त्याची सुरुवात इथूनच होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

‘नव्याने’ म्हणतो, कारण नोंदवही आधीही होती. 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम 41 ने प्रत्येक स्थानिक संस्थेवर अशी समिती नेमण्याची जबाबदारी टाकली आणि 2004 च्या नियमांनी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून नोंदवही तयार करणे हे समितीचे मुख्य काम ठरवले. तरीही पुढची कितीतरी वर्षे बहुतेक ठिकाणी हालचाल नव्हती. 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण न करणाऱ्या राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये बजावले, तेव्हा कुठे यंत्रणा जागी झाली. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या आहेत. आकडा मोठा आहे. पण त्या घाईत आमच्या या गावाची नोंदवही बाहेरच्या एका संस्थेने थोड्याच दिवसांत उरकली होती. ‘पूर्वी’ आणि ‘सध्या’ या दोन्ही रकान्यांत जवळजवळ सगळीकडे ‘उपलब्ध’ हा एकच शब्द होता. गावात कोणाला विचारलेच नव्हते. याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही, कारण ज्या कागदाच्या आधारावर गावाला उद्या एखाद्या निर्णयाविरुद्ध उभे राहता आले असते, तो कागदच पोकळ करून ठेवला होता.

म्हणून आम्ही वाडीवाडीत जाऊन बसलो. सत्तरी ओलांडलेल्या एका काकींनी माळ्यावरून भाताची मुडी, म्हणजे बी राखण्यासाठी गवतात बांधलेले गाठोडे, खाली काढायला लावली, गवताची वेणी सोडली आणि मूठभर भात माझ्या तळहातावर ठेवले. लालसर, जाड टरफलाचे, टोकाला लांब कुसळ. ‘‘गुरुजी, ह्यां मळ्यातलां भात. आठ दिस पाण्यात रवलां तरी कुसना नाय,’’ म्हणजे कुजत नाही, असे त्या म्हणाल्या. ऑगस्ट 2019 च्या पुरात त्यांच्या मळ्यात चिखल साचला होता. तेव्हा शेजारच्या कुणग्यांतले (भाताच्या लहान खाचरांतले) संकरित भात गेले आणि हे उभे राहिले, असे त्यांच्या सुनेनेही सांगितले. गावात हे बी आता केवळ दोन घरांत आहे. ‘पूर्वी’ खाली आम्ही ‘सगळ्या मळ्यांत’ असे लिहिले आणि ‘सध्या’ खाली ‘दोन घरे’. आपत्तीला तोंड देण्याची गावाची ताकद हा मोठा विषय आहे, त्यावर अहवाल निघतात. पण त्या दिवशी ती ताकद दोन मुडींत बांधलेली मी पाहिली.

चढणीच्या माशांचे तसेच झाले. मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर अंडी घालायला ओहोळांतून वर चढणारे मासे पूर्वी घरी खाण्यापुरते धरले जात. आता बारीक जाळी आडवी लावली जातात आणि काही ठिकाणी कोंडींत, म्हणजे ओहोळातल्या खोल डोहांत, ब्लिचिंग पावडरही टाकली जाते, ज्यात मोठ्या माशांबरोबर पिल्ले, खेकडे, सगळेच मरते. हे सांगताना माणसे खाली बघत होती. टाकणारे गावातलेच आहेत.

याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जंगली जायफळाची पाणथळ राई आहे. बारमाही ओल्या जमिनीतून वर आलेल्या गुडघ्यांसारख्या मुळांवर उभी असलेली ही झाडे देवाच्या नावाने राखली गेली, म्हणून टिकली. पुढे राज्य शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाच्या देवळाजवळ जो छोटा मासा सापडला आणि 2020 मध्ये नदीच्याच नावाने शास्त्रात नोंदला गेला, त्याचा अधिवासही 2021 मध्ये असाच वारसा स्थळ झाला. कायद्याच्या कलम 37 नुसार ही घोषणा शासन करते, पण स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून. त्या विचारविनिमयात गावाने काय मांडायचे, हे नोंदवहीत लिहिलेले असायला हवे.

ग्रामसभेचा शब्द इथे नवा नाही. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये अहवाल दिला, तेव्हा आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावा, असे ठराव सिंधुदुर्गातल्या अनेक ग्रामसभांनी केले होते. खाणी येऊ घातलेल्या असताना गावांनी आपणहून मागितलेले हे बंधन होते, आणि त्याची आठवण मला फार मोलाची वाटते. मात्र ठराव एकदा होतो आणि जमीन रोज बदलते. काजू आणि रबराच्या लागवडीसाठी डोंगर साफ होतात, तेव्हा तिथे काय होते हे सांगणारी नोंद ग्रामपंचायतीच्या कपाटात असली, तर पुढच्या परवानगीच्या वेळी सरपंचांना ती समोर ठेवता येते. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही कायद्याने समितीला दिला आहे. आमच्या समितीने तो आजवर वापरलेला नाही, कारण कोण काय नेतो हेच लिहिलेले नव्हते.

आमची वही अजून अर्धी आहे. देवराईचे पान अडले आहे, कारण राईची हद्द कुठवर होती यावर मानकऱ्यांत एकमत नाही, आणि ते होईपर्यंत ‘पूर्वी’चा रकाना कोरा ठेवायचा असे समितीने ठरवले आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे दोन विषय आहेत. एक म्हणजे कोंडींत पावडर टाकण्यावर आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ओहोळात आडवी जाळी लावण्यावर बंदी. दुसरा काकींच्या भाताचा. पुढच्या हंगामात पाच घरांनी ते मळ्यात लावायचे आणि कापणीनंतर घेतले तेवढे बी परत द्यायचे, असे बोलणे झाले आहे. तीन घरे तयार आहेत. उरलेल्या दोघांकडे मी आणि सरपंच रविवारी जाणार आहोत.