माग बदलला आणि आकडा खाली आला

अर्जाची शेवटची तारीख, मुदत रात्री साडेअकरापर्यंत. आमच्या सोलापूरच्या संशोधन केंद्रातली पीएचडीची विद्यार्थिनी एका कंपनीच्या फेलोशिपसाठी लिहिलेला दोन पानी आराखडा घेऊन सकाळी दहाला आली. विषय टेरी टॉवेलमधले विणकामाचे दोष कॅमेऱ्यातून ओळखण्याचा: दोषांचे फोटो दाखवून संगणकातल्या मॉडेलला ते ओळखायला शिकवायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आठ यंत्रमागांवर तिने महिनोन्‌महिने फोटो काढले होते. आराखड्यात अचूकता लिहिली होती ९७ टक्के.

मला आकडा खटकला. ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की उभी रेघ पडते, ती कुणालाही दिसते. पण टॉवेलवरचे धाग्याचे फासे सुटलेले असतील तर उजेडाची दिशा जरा बदलली तरी दोष दिसेनासा होतो. फोटोंची वाटणी कशी केलीस, असं विचारलं. "सगळे एकत्र करून ऐंशी टक्के शिकवायला, वीस टक्के चाचणीला, सर."

घोळ तिथंच होता. एक ताणा तुटला की तो लागोपाठच्या वीस फोटोंत दिसतो. त्यातले सोळा शिकवायला आणि चार चाचणीला गेले, की मॉडेलला दोष कळायची गरजच उरत नाही. तो कापडाचा तागा ओळखला तरी भागतं.

फाइलच्या नावात माग क्रमांक होता म्हणून निभावलं. सहा मागांचे फोटो शिकवायला घेतले, दोन मागांचे चाचणीसाठी पूर्ण बाजूला ठेवले. मधे वीज गेली, पण शिकवण्याच्या प्रत्येक फेरीनंतर चेकपॉइंट, म्हणजे मॉडेलची तोवरची स्थिती, साठवला जात होता, त्यामुळे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. दुपारी दोनला नवा आकडा आला: ७८ टक्के.

तिचा चेहरा उतरला. "हा लिहिला तर निवड होईल का?" लिहायचाच, म्हटलं. अर्ज तपासणारे याच क्षेत्रातले संशोधक असतात, वाटणी कशी केली हे ते आधी बघतात.

तिला लगेच कारखान्यात पिटाळलं. अर्जातल्या 'डेटा कुणाचा' या प्रश्नाला तिच्याकडे फक्त तोंडी परवानगी होती. कारखानदारांनी लेटरहेडवर सही दिली, पण एक ओळ घालायला लावली: जॅकार्डच्या, म्हणजे विणून काढलेल्या नक्षीच्या, नव्या डिझाइनचे फोटो बाहेर जाणार नाहीत. रास्तच मागणी. ते फोटो आम्ही वगळले.

संस्थेचं नामांकनपत्र मात्र आठवडाभर आधीच घेतलं होतं, आणि ते तसंच घ्यावं. आयबीएमच्या पीएचडी फेलोशिपला तर प्राध्यापकाने नामांकन द्यावं लागतं. प्रधानमंत्री डॉक्टरेट फेलोशिपची रचना निम्मे पैसे सरकारचे, निम्मे भागीदार कंपनीचे अशी. तिथं आधी कंपनीच शोधावी लागते. सही करणारे अधिकारी शेवटच्या दिवशी जागेवर असतीलच असं नाही.

संध्याकाळी आराखड्याचा पहिला परिच्छेद काढून टाकला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं महत्त्व सांगितलं होतं, ते वाचणाऱ्याला ठाऊकच असतं. त्या जागी तिने लिहिलं: "सहा मागांवर शिकलेलं मॉडेल शेजारच्या मागावर चुकतं. नव्या मागाचे किती कमी फोटो दाखवले तर ते सावरेल?"

पावणेअकराला अर्ज गेला.