सोमवार, मंगळवार आणि पाण्याचा वार

आमच्याकडे पाहुणे येणार म्हणलं की "कधी येताय, किती दिवस राहताय" एवढं विचारून भागत नाही. संभाजीनगरात (आईच्या तोंडात अजून औरंगाबादच आहे, ते आता काही बदलत नाही) पाहुण्यांचा प्लॅन तीन वारांवर ठरतो. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आणि तिसरा आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा वार, जो कुठल्याच बोर्डावर लिहिलेला नसतो आणि परत सरकत पण असतो.

तर डिसेंबरात पुण्याहून मावसबहिणीचा फोन. शनिवारी येतो, मंगळवारी सकाळी निघतो, आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. भावोजींनी तर आधीच एक्सेल शीट करून पाठवलेली, रंग बिंग देऊन. त्यात रविवारी एकाच दिवसात दौलताबाद, खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ आणि संध्याकाळी म्हैसमाळला सनसेट, आणि सोमवारी अजिंठा. मी म्हणलं भावोजी, सोमवारी अजिंठ्याला गेलात तर पार्किंगचा सनसेट बघून यावं लागेल. मग शीट बदलली, रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ, दुसरा पर्यायच नव्हता. आणि नेमकं रविवारीच आमचं पाणी.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना हे सांगून कळत नाही. आमच्या भागात आठवड्यातून एकदा येतं, कधी नवव्या-दहाव्या दिवशी, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात कोणीतरी असावंच लागतं, मोटर लावायला, टाकी भरली की बंद करायला, पिंप भरून घ्यायला. त्यात घरात पाच माणसं जास्तीची. नवरा बिचारा म्हणाला मी थांबतो, पण मग गाडी कोण चालवणार, भावोजींना जळगाव रोडवर पाठवायची माझी छाती नाही.

शनिवारी दुपारी आले, संध्याकाळी जवळचं जवळचं केलं, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. मकबऱ्यावर प्रत्येक पाहुणा जे वाक्य टाकतो ते भावोजींनी गेटातच टाकलं, "डुप्लिकेट ताजमहाल". आता माझं यावर ठरलेलं उत्तर आहे की ताजमहालाच्या उस्तादाचाच मुलगा, अताउल्ला, हा त्याने बांधलाय, 1660 च्या सुमारास, औरंगजेबाच्या बायकोची, दिलरासबानूची कबर आहे, संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा. पैसे कमी पडले की घरात आपण पण हॉललाच चांगली फरशी घालतो की. मला तर तो ताजपेक्षा आपल्यातला वाटतो.

पाणचक्कीवर मात्र फसले. तिथे मी उत्साहाने सांगू लागले की हे पाणी बघा, डोंगरातून काही किलोमीटर जमिनीखालच्या मातीच्या नळातून येतं, मधे मनोऱ्यात चढवून प्रेशर दिलंय, त्यावर दळायचं जातं फिरायचं, आणि त्याच्याही आधी मलिक अंबरने 1610 मध्ये हे शहर वसवलं तेव्हा त्यानेही अशीच जमिनीखालून नहर आणली, घरोघरी पाणी. धाकटा भाचा सात वर्षांचा, तो म्हणाला मग मावशी तुमच्याकडे आठ दिवसांनी का येतं. कुंपणाजवळचा एक माणूस पण हसला. मी सगळ्यांना कुल्फी घेऊन दिली.

रात्री जेवताना रविवारचा विषय निघाला, कोण थांबणार, आणि ताईच्या सासूबाई म्हणाल्या मी थांबते. मी नाही नाही म्हणू लागले, पाहुण्यांना कुठं पाण्याला बसवतात का, तर म्हणाल्या अगं माझं माहेर सोलापूर, आमच्याकडे चार-पाच दिवसांआड, मला काय शिकवतेस, आणि अजिंठ्याच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत, मला फक्त मोटरचं बटन दाखव. खरं सांगायचं तर तिथे डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून नेतात, मी सांगितलं पण. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही.

सहाला निघालो. शंभर किलोमीटर आहे, फुलंब्री, सिल्लोड करत अडीच तास धरायचे, सिल्लोडला चहा. फर्दापूरच्या अलीकडे टी पॉइंटला गाडी सोडायची, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने. आणि ज्यांना कोणाला पाहुणे न्यायचेत त्यांना माझं एकच सांगणं, तीसच्या तीस लेणी बघायला जाऊ नका. सातव्या-आठव्या लेण्यापासून पोरं "अजून किती" सुरू करतात. आम्ही आधी 1 आणि 2 केली, गर्दी व्हायच्या आत, पद्मपाणीसमोर (हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, भिंतीवरचं चित्र) दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, अंधाराला डोळे सरावले की मग चित्र हळूहळू दिसू लागतं, मोबाइल काढला की ते गेलंच (फ्लॅश तर चालतच नाही). मग 10, मग 16, 17 आणि शेवटी 26 मधला पहुडलेला बुद्ध. बस.

दहाव्यात एक गंमत आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली, तर गड्याने काय केलं, खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ते आता डोक्याच्या वर येतं कारण तेव्हा आत दगडमातीचा ढिगारा होता आणि तो त्यावर उभा होता. मोठी भाची अकरा वर्षांची, ती लगेच वडिलांकडे वळली, "आणि मी बाकावर नाव लिहिलं तर तुम्हाला शाळेत बोलावलं." भावोजींकडे याचं उत्तर शीटमध्ये नव्हतं.

परतीला मी दर अर्ध्या तासाने घरी फोन. दहाला येणारं पाणी एकला आलं. संध्याकाळी घरी पोचलो तर टाकी भरलेली, पिंपं भरलेली, बादल्या भरलेल्या, आणि ओट्यावर दोन्ही कुकर, कढई, इडलीपात्राचं भांडं, पूजेची कळशी, पाहुण्यांच्या थर्मासच्या बाटल्या सगळं तुडुंब. वर शेजारच्या काकूंना पण पाइप दिलेला, त्यांची मोटर बिघडली होती म्हणे. मी चौदा वर्षं इथे राहते, त्या काकूंच्या मोटरचं मला माहीत नव्हतं. स्वयंपाकाला भांडंच रिकामं नव्हतं म्हणून मग जुन्या शहरातून नान खलिया (मटणाचा रस्सा आणि नान) मागवला, व्हेजवाल्यांना खिचडी एकुलत्या एक रिकाम्या पातेल्यात.

सोमवारी वेरूळ, जेमतेम तीस किलोमीटर, पण दौलताबादला जुन्या तटबंदीच्या दरवाजातून रस्ता जातो तिथे ट्रॅफिक तुंबतो, सुट्टीच्या दिवसांत तर विचारू नका. किल्ला बाहेरूनच दाखवला. भावोजी हळहळले, मी म्हणलं तो वेगळा दिवस मागतो, अंधारी आणि वटवाघळं आणि चढ, वेरूळबरोबर केलं तर दोन्हीचं वाटोळं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत म्हणून कैलास मी मुद्दाम दुपारनंतर ठेवते, ऊन सरळ अंगावर येतं. आधी 10 नंबर, सुतार की झोपडी, छताला दगडातच लाकडाच्या फासळ्या कोरल्यात, आवाज असा घुमतो की धाकटा तिथून हलेना. मग कैलास. आधी खालून, मग बाजूच्या टेकाडावरून, कारण वरून बघितल्याशिवाय कळतच नाही की हे बांधलेलं नाही, कळसापासून खाली खोदत आलेत. सासूबाई तेवढं चढून आल्या. गुडघे आज बरे होते बहुतेक.

घृष्णेश्वराला रांग बघून बाहेरूनच नमस्कार.

आणि येताना ओळखीच्या शेतावर हुरडा, हे शीटमध्ये नव्हतं. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, गरम कणसं तळहातावर चोळून फुंकर मारून दाणे, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. पुण्याची पोरं हुरड्याला "ग्रीन पॉपकॉर्न" म्हणू लागली. भावोजी सतरंजीवर झोपले, मोबाइल हातात तसाच.

मंगळवारी गेले. हिमरू शाल घ्यायची राहिली, पैठण राहिलं, दौलताबाद राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला पुण्याहून फोन. मला वाटलं काय झालं. सासूबाई.

"आलं का गं पाणी?"

नव्हतं आलं.