निळा घेतला, तपकिरी ठेवला

"दोन्ही देऊ?" मेडिकलमधल्या मुलीने विचारलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "निळाच दे."

मला दमा आहे. निळा पंप धाप लागल्यावर ओढायचा. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, धाप लागूच नये म्हणून. इंग्लंडात डॉक्टर फुकट, हॉस्पिटल फुकट, पण चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड. दोन पंपांचे १९.८०. ज्याने लगेच आराम पडतो तो घ्यायचा, दुसरा पुढच्या महिन्यात. कंजूषपणा म्हणा. पण पगार होऊन वीस दिवस उलटले की ९.९० पौंड दिसतात, उद्याची धाप दिसत नाही.

जानेवारीत ती दिसली. रात्री दोनला कॅज्युअल्टीत, तोंडावर नेब्युलायझरचा मास्क, छातीचा एक्स-रे, सकाळपर्यंत बेड. बिल शून्य! माझे ९.९० वाचले, सरकारचे किती गेले देव जाणे.

खरा संताप घरातच आहे. नवऱ्याला थायरॉइड. त्यामुळे थायरॉइडचीच नव्हे, त्याची सगळीच औषधं फुकट. दाढदुखीची अँटिबायोटिक फुकट, खाजेचं मलमसुद्धा. गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यालाही तसंच. दम्याला मात्र माफी नाही, कारण माफीच्या आजारांची यादी १९६८ची! २००९ मध्ये तिच्यात कॅन्सर आला. दमा अजून दाराबाहेर धापा टाकतोय. आणि हे महाशय मलम लावत मला म्हणतात, "अगं, नियम म्हणजे नियम."

ब्रिस्टलहून पूल ओलांडला की वेल्स. तिथे २००७ पासून सगळ्यांनाच औषधं फुकट. न्यूपोर्टची मैत्रीण पॅरासिटामॉलसुद्धा चिठ्ठीवर आणते. मी नाकं मुरडायचे, फुकट मिळालं की लोक उगाच डॉक्टरकडे पळतात म्हणून. पळत असतीलही. पण तिचे दोन्ही पंप वेळेवर संपतात.

आमच्या मिरजेत मेडिकलवाले काका अर्धी पट्टी कापून द्यायचे, वर उधारीही. त्याचं मी इथे कौतुक सांगत फिरते. अर्धी पट्टी म्हणजे अर्धंच औषध, हे मात्र सांगत नाही. आणि महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होतं, पण मेडिकलमधून आणलेली रोजची बीपीची गोळी पदरच्या पैशांनीच. तेव्हा इंग्रजांना फार हसायला नको.

परवा इथल्या मेडिकलमधली ती मुलगी नुसती मान डोलावून गप्प बसली नाही. काउंटरवरून वाकून हळूच म्हणाली, "वर्षाचे ११४.५० पौंड आधीच भरले तर हवी तितकी औषधं घेता येतात. दहा हप्तेही पडतात." म्हणजे वर्षाला बारा औषधं झाली की फायदाच. मी मोबाईलवर तिथल्या तिथे पैसे भरले आणि तपकिरी पंप पिशवीत टाकला. इतकी वर्षं हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? की मीच कधी विचारलं नाही?

आईने कुणाच्या तरी हाती पाठवलेले अस्थालिनचे, म्हणजे धाप लागल्यावर ओढायचेच, दोन पंप कपाटात आहेत. ते राहू देत.